चुन्याच्या गिलाव्यात फुटक्या काचेचा उपयोग

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी महाराष्ट्रभर माहीत आहे. पारंपरिक कुंकू हळदीपासून बनते आणि हळदीचा पिवळा रंग लाल होतो तो चुन्यामुळे. म्हणजे चुना या गावाला परका नाही. तरीही केम, जेऊर, कुर्डुवाडी या पट्ट्यातील घरांच्या भिंतींवरून चुना गेल्या दोन पिढ्यांत जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याची जागा सिमेंटने घेतली. नव्या विटांच्या बांधकामात सिमेंटबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती जुन्या घरांची. दगड-मातीच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की पहिली दोन-तीन वर्षे भिंत छान दिसते. नंतर जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत लोणा फुटतो, गिलाव्याला फुगे येतात आणि एक दिवस गिलाव्याचा पापुद्रा आतील मातीसकट खाली येतो. शेतकरी गवंड्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला देतो. खरे पाहता दोष दोघांचाही नसतो.

जुन्या भिंतींना पायातून ओल चढते. अशा भिंतींच्या पायात पाणी अडविणारा थर नसतो. माती आणि चुन्याची भिंत ही ओल दोन्ही बाजूंनी हवेत सोडत असते, म्हणून ती कोरडी राहते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर बसला की ओलीला बाहेर पडण्याची वाट बंद होते. ओल भिंतीत साठते, आणखी वर चढते आणि वाट मिळेल तेथून क्षार घेऊन बाहेर येते. शिवाय सिमेंटचा थर कडक, तर आतील भिंत मऊ. काळ्या जमिनीवरील घर पावसाळ्यात किंचित उचलते आणि उन्हाळ्यात किंचित बसते. मऊ भिंत ही हालचाल सोसते, कडक थर सोसत नाही, तो तडकतो. त्याच तडीतून पावसाचे पाणी आत जाते. ज्या खोलीत ज्वारीची पोती रचलेली असतात त्या खोलीची भिंत अशी ओली राहिली तर नुकसान केवळ रंगरंगोटीचे राहत नाही. तळच्या थप्पीला बुरशी लागते आणि वर्षाचे धान्य हातचे जाते.

अशा भिंतींना चुन्याचाच गिलावा मानवतो. मात्र चुन्याच्या गिलाव्याची जुनी पद्धत आज जशीच्या तशी परवडत नाही आणि त्यात एक उणीवही आहे. ती उणीव भरून काढण्यासाठी फुटक्या काचेच्या बारीक पुडीचा उपयोग होऊ शकतो. त्याची माहिती या लेखात दिली आहे.

चुना आणि सुरखी

भारतात सिमेंटचे यशस्वी उत्पादन सुरू झाले ते १९१४ साली पोरबंदर येथे. त्याआधीची बहुतेक पक्की बांधकामे चुन्यातील आहेत. केमवरून जाणारा लोहमार्ग सोलापूरपर्यंत १८६० मध्ये पोहोचला. त्या काळातील दगडी पूल आणि मोऱ्या चुन्यातच बांधल्या गेल्या. करमाळ्याचा भुईकोट, सोलापूरचा भुईकोट, गावोगावच्या बारवा आणि वाडे ही सगळी कामे चुन्याची. औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहून अनेकांना वाटते की तो पूर्ण संगमरवरी आहे. प्रत्यक्षात त्याचा घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवराचा असून उरलेल्या मोठ्या भागावर घोटलेला चुन्याचा गिलावा आहे. सतराव्या शतकातील तो गिलावा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळतो, फुलतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर बसला की हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू त्याचा पुन्हा दगड बनतो. शुद्ध चुन्याची घट्ट होण्याची हीच एक रीत आहे आणि त्याची उणीवही हीच. वायू बाहेरून आत शिरत असल्यामुळे थराच्या आतील भाग कडक व्हायला महिनेच काय, वर्षेही लागतात. ज्या ठिकाणी हवा पोहोचत नाही, उदाहरणार्थ सतत ओल्या पायाजवळ, तेथे शुद्ध चुना मऊच राहतो. पाण्याखाली तर तो कधीच घट्ट होत नाही.

जुन्या गवंड्यांना हे माहीत होते. म्हणून ते चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, मिसळत असत. रोमन लोक याच कामासाठी ज्वालामुखीची राख वापरीत. इटलीतील पोझ्झुओली गावाजवळ ही राख मिळे, म्हणून अशा सर्व पदार्थांना जगभर पोझोलाना हे नाव पडले. सुरखी, राख किंवा काच यांत सिलिका असते. ती बारीक असेल तर चुना पाण्याच्या सान्निध्यात तिच्याशी संयोग पावतो आणि सिमेंटमध्ये तयार होतो त्याच जातीचा चिकट, न विरघळणारा पदार्थ तयार होतो. यासाठी हवेची गरज नाही, ओलीची गरज आहे. त्यामुळे थर आतूनही घट्ट होतो. आणि तरीही तो सिमेंटइतका कडक व कोंदट होत नाही, भिंतीतील ओल बाहेर सोडतोच.

येथे काही शेतकरी विचारतात की वाळूतही सिलिकाच असते, मग नुसत्या वाळूने हे काम का होत नाही? त्याचे उत्तर कडब्याच्या गंजीत आहे. नीट रचून दाबलेल्या गंजीतून जनावराला एकही पेंढी ओढता येत नाही, पण तोच कडबा अंगणात विस्कटून टाकला की ते सहज खाते. वाळूतील सिलिका स्फटिकाच्या रूपात गंजीसारखी घट्ट रचलेली असते, चुन्याला तिच्यातून काही काढता येत नाही. काच वितळवून झटपट थंड केलेली असल्यामुळे तिच्यातील सिलिकेची रचना विस्कटलेली राहते. बाटल्या आणि खिडक्यांच्या साध्या काचेत सुमारे ७० ते ७४ टक्के सिलिका असते. उरलेला भाग मुख्यतः सोडा आणि चुना यांचा असतो. म्हणजे चुन्याला हवे ते काचेत भरपूर आहे. अट एकच, ती पुरेशी बारीक हवी.

कोणती काच घ्यावी, कोणती घेऊ नये

महाराष्ट्राला काच नवीन नाही. लोकांच्या पैसा-पैसा वर्गणीतून उभा राहिलेला तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६ चा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरोघरी होता. तेव्हा काच जपून वापरली जाई. आज बाटली ही फेकायची वस्तू झाली आहे आणि ती बांधावर, ओढ्यात, उकिरड्यात जाऊन पडते. उकिरड्यातील शेणखताबरोबर तिचे तुकडे रानात येतात, बैलाच्या खुरात आणि खुरपणाऱ्या बाईच्या पायात घुसतात. भंगारवाला अखंड बाटली घेतो, फुटकी सहसा घेत नाही. अखंड आणि स्वच्छ बाटली पुन्हा भरण्यासाठी किंवा वितळवून नवी काच करण्यासाठी देणे केव्हाही चांगले, ती फोडून गिलाव्यात घालू नये. आपल्या कामाची आहे ती फुटकी, मिसळीची, कोणी न घेणारी काच.

सरबत, लोणचे, सोडा, दारू यांच्या बाटल्या आणि खिडक्यांच्या साध्या काचा चालतात. रंगाचे बंधन नाही. मात्र पांढऱ्या शुभ्र अखेरच्या हातासाठी पारदर्शक काच वेगळी ठेवावी.

कीटकनाशक, तणनाशक किंवा इतर विषारी औषधांच्या बाटल्या कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत. त्या तीनदा धुतल्या तरीही घेऊ नयेत, कारण दळताना आणि भिंत खरडताना उडणारी धूळ घरातील माणसांच्या छातीत जाते. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो, जुन्या टीव्हीच्या नळकांड्याच्या काचेत शिसे असते. ही काच घरात आणूच नये. दवाखान्यातील इंजेक्शनच्या कुप्या, आरसे आणि मोटारीच्या पुढच्या काचा, ज्यांत प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्याही वगळाव्यात. गोळा केलेली काच सोडा टाकलेल्या पाण्यात एक रात्र भिजवून धुवावी. लेबल, बूच, गोड चिकटा राहता कामा नये.

काच बारीक करणे

या साऱ्या पद्धतीतील अवघड भाग हाच आहे आणि तो लपवून उपयोग नाही. रव्याइतकी जाड काच ही फक्त वाळूचे काम करते, चुन्याशी तिचा संयोग फारसा होत नाही. मैद्याइतकी, म्हणजे ०.०७५ मि.मी.पेक्षा बारीक पूडच सुरखीचे काम करते. घरच्या घरी तेवढी बारीक पूड करणे वेळखाऊ आहे. एका घराच्या एका खोलीपुरते काम हातोडा, लोखंडी खल आणि जुनी चुन्याची घाणी यांवर निभावते. पण अनेक घरांचे काम असेल तर बचत गटाने किंवा सोसायटीने एखादी लहान बॉल मिल भाड्याने मिळते का हे पाहावे. तशी सोय नसेल तर सरळ सुरखी वापरावी. सुरखी हा काचेपेक्षा कमी प्रतीचा पर्याय आहे असे समजू नये.

पिठाची गिरणी, जाते, मिरची कांडप किंवा पेंड-भरडा काढण्याचे यंत्र यांत काच घालण्याचा विचारही करू नये. कितीही धुतले तरी काचेचा कण मागे राहतो आणि तो माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जातो.

काच नेहमी ओली करून फोडावी. दुहेरी गोणपाटात गुंडाळून, पाणी शिंपडून, वर हातोड्याने ठोकल्यास तुकडे उडत नाहीत आणि धूळही कमी उडते. डोळ्यांना बंद बाजूंचा चष्मा, नाका-तोंडाला चांगला मास्क, हातात जाड मोजे आणि पायात बूट ही चारही साधने असल्याशिवाय काम सुरू करू नये. ओला रुमाल हा मास्क नव्हे. घाणीची सोय असेल तर फुटलेली काच थोड्या पाण्यासह चाकाखाली घालावी, दगडी चाकाखाली ती चांगली रगडली जाते.

पूड पुरेशी बारीक झाली की नाही हे बोटांनी चोळून पाहू नये. त्यासाठी पाण्याची सोपी परीक्षा आहे. काचेच्या उभ्या बरणीत तळापासून १० सें.मी. उंचीपर्यंत स्वच्छ पाणी घ्यावे. त्यात दोन चमचे पूड टाकून ढवळावे आणि ढवळणे थांबताच घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजावे. या वेळात ०.०७५ मि.मी.पेक्षा जाड सर्व कण तळाशी बसतात. अर्ध्या मिनिटानंतरही जे पाणी दुधासारखे गढूळ राहते त्यातील पूड आपल्याला हवी आहे. जे तळाशी बसले ते पुन्हा दळायला न्यावे.

हीच परीक्षा मोठ्या प्रमाणावर केली की पूड वेगळी करण्याची पद्धत होते. टोपल्यात १० सें.मी. पाणी घेऊन पूड ढवळावी, अर्धा मिनिट थांबून वरचे दुधाळ पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि ते रात्रभर निवळू द्यावे. सकाळी तळाशी बसलेला मऊ गाळ म्हणजे तयार काचेची पूड. सुकवून चाळण्यापेक्षा ही रीत चांगली, कारण धूळ मुळीच उडत नाही. ती ओलीच मापून वापरावी.

चुन्याची निवड

सोलापूर जिल्ह्यातील अनेक जमिनींत चुनखडीचे खडे सापडतात. या खड्यांत मातीचा अंश असतो, त्यामुळे त्यांच्या चुन्याला थोडा सिमेंटचा गुण आपोआप येतो. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये अशा चुन्याला ‘ई’ वर्गात ठेवले असून तो दगडी बांधकामातील दरजा भरण्यासाठी योग्य मानला आहे. गिलाव्याचा अखेरचा हात आणि सफेदी यांसाठी ‘सी’ वर्गाचा, म्हणजे शुद्ध पांढरा चुना घ्यावा. काचेची पूड मिसळायची ती याच चुन्यात.

कळीचा चुना ताजा असावा. ढेकळे वजनाला हलकी आणि कडा टणक असाव्यात. नमुन्याचे ढेकूळ पाण्यात टाकल्यावर काही मिनिटांत तडतडून फुटले, पाणी गरम झाले आणि मागे खडे उरले नाहीत तर चुना चांगला. महिनोन् महिने उघड्यावर पडलेला चुना हवेतील वायू शोषून मेलेला असतो. त्याची खूण लिंबाने कळते. चिमूटभर फक्कीवर लिंबाचा रस पिळावा. जोराने फेस आला तर तो चुना मेलेला आहे, तो घेऊ नये. कागदी लिंबाचा असाही एक उपयोग.

चुना विरवताना टाकीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात ढेकळे थोडी थोडी सोडावीत. ढेकळांवर वरून थोडेसे पाणी ओतल्यास ते उसळते. पाणी उकळत असल्याने प्लास्टिकची बादली किंवा पिंप वापरू नये. पत्र्याचे पिंप किंवा विटांचे हौद चालतात. मुले आणि जनावरे जवळ येऊ देऊ नयेत. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून, वर चार बोटे पाणी राखून किमान १५ दिवस मुरवावा. महिना-दोन महिने मुरवला तर आणखी चांगला. घाईने वापरलेल्या चुन्यातील न विरलेले कण भिंतीवर नंतर फुलतात आणि गिलाव्याला फोडासारखे खड्डे पडतात.

चुना डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये, तूप-तेल घालू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. तंबाखूच्या चुन्याच्या पुडीनेही लहान मुलांचे डोळे गेलेले आहेत, येथे तर हौदभर चुना असतो.

मिश्रणाचे प्रमाण

आतील गिलाव्यासाठी मापाने १ भाग मुरलेला चुना, अर्धा भाग काचेची पूड आणि अडीच भाग वाळू या प्रमाणापासून सुरुवात करावी. वाळू चाळलेली, धुतलेली आणि खार नसलेली असावी. भीमा आणि सीना नद्यांची वाळू आता महाग आणि दुर्मिळ झाली आहे, तेव्हा खडी क्रशरची धुतलेली कचही चालते. वाळूतील पाव भाग काचेच्या रव्याने बदलता येतो. त्याहून जास्त घेऊ नये, कारण काचेचे कण गुळगुळीत असतात आणि चुना त्यांना वाळूइतका धरत नाही. रवा १ मि.मी.पेक्षा जाड नसावा.

दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीला अर्धा इंच जाडीचा गिलावा करायचा झाल्यास भिंतीवर सव्वाचार घनफूट माल बसतो. घट आणि सांडलवंड धरून साडेपाच घनफूट साहित्य लागते. त्यात चुन्याचा लगदा सुमारे ४० लिटर, काचेची पूड सुमारे २० लिटर आणि वाळू १०० लिटरच्या आत-बाहेर. हा लगदा साधारण २० किलो चांगल्या कळीच्या चुन्यापासून मिळतो. पुडीसाठी सुमारे २५ किलो काच लागते. मोठ्या बाटलीचे वजन अर्धा किलोच्या आसपास धरले तर एका भिंतीला पन्नास बाटल्या झाल्या. दळण्याचे कष्ट किती आहेत याचा अंदाज यावरून यावा.

प्रत्येक ठिकाणचा चुना आणि वाळू वेगळी असते, म्हणून भिंतीला हात लावण्यापूर्वी नमुना करून पाहावा. तीन प्रकारच्या वड्या थापाव्यात. पहिली फक्त चुना-वाळूची, दुसरी चुना-सुरखी-वाळूची, तिसरी चुना-काचपूड-वाळूची. तिन्ही ओल्या गोणपाटात २८ दिवस गुंडाळून ठेवाव्यात, गोणपाट सुकू देऊ नये. नंतर पाण्याच्या बादलीत दोन दिवस बुडवाव्यात. पहिली वडी बहुधा मऊ पडून विरघळू लागेल. तिसरी वडी टणक राहिली आणि नखाने ओरखडा सहज पडला नाही तर काच पुरेशी बारीक झाली आहे असे समजावे. तीही विरघळली तर दळण जाड आहे. मग प्रमाण वाढविण्यात अर्थ नाही, पुन्हा दळावे.

जुने गवंडी चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ, उडदाचे पाणी घालीत. गुळाचे पाणी थोडे घातल्यास माल मऊ होतो, थापीखाली चांगला सरकतो आणि चुना पाण्यात जास्त विरघळतो. मात्र गूळ जास्त झाला तर घट्ट होणे लांबते. सिमेंटच्या मालात तर गूळ कधीही घालू नये, तो जमतच नाही. तसेच काचेचा रवा सिमेंटमध्ये मिसळू नये. सिमेंटमधील अल्कली आणि जाड काच यांच्या संयोगातून फुगणारा पदार्थ तयार होऊन काम तडकते. हा धोका जाड काचेचा आहे, मैद्यासारख्या पुडीचा नाही.

काम करण्याची रीत

योग्य काळ म्हणजे रब्बी ज्वारीची पेरणी आणि कोळपणी आटोपल्यावर, मार्गशीर्ष ते माघ. या दिवसांत मजूरही मिळतात आणि ऊनही सौम्य असते. सोलापूरच्या वैशाखात पारा ४२ अंशांवर जातो, त्या उन्हात चुना कर्बवायू घेण्याआधीच सुकून भुकटी होतो. पावसाळ्यात बाहेरचे काम धुऊन जाते.

भिंतीवरील सिमेंटचा जुना थर पूर्ण काढावा. त्यावर चुना बसत नाही. दरजा एक इंच खोल खरवडून काढाव्यात, लोणा ब्रशने झाडावा, धुऊ नये, कारण धुतल्याने क्षार पुन्हा आत जातात. नंतर भिंत आदल्या दिवशी आणि कामाच्या दिवशी पाणी शिंपडून ओली करावी. मातीच्या भिंतीवर आधी चुन्याच्या पातळ दुधाचा एक हात मारावा. आधी दरजा भराव्यात, मग ८ मि.मी. जाडीचा पहिला हात थापीने दाबून बसवावा आणि त्यावर ओरखडे काढावेत. तो बोटाने दबत नाही इतका घट्ट झाल्यावर, पण पूर्ण सुकण्यापूर्वी, ५ मि.मी.चा दुसरा हात द्यावा. घट्ट होत असताना बारीक तडा दिसू लागतात. त्या वेळी गवंड्याने लाकडी थापीने ठोकून त्या मिटवाव्यात. सिमेंटला सरावलेला गवंडी एकदा रंधा मारला की निघून जातो. चुन्याला दोन-तीनदा परत यावे लागते, मजुरी ठरवताना हे आधी बोलून घ्यावे.

अखेरचा पांढरा हात हवा असेल तर पारदर्शक काचेची वस्त्रगाळ पूड आणि चुना समभाग घेऊन १-२ मि.मी. थर द्यावा आणि गुळगुळीत गोट्याने घोटावा. या थरात रवा मुळीच नसावा.

काम झाल्यावर १४ दिवस भिंतीसमोर ओले गोणपाट टांगून दिवसातून तीन वेळा पाण्याचा फवारा द्यावा. फवारणी पंप वापरायचा असेल तर तो नवा किंवा फक्त पाण्यासाठी राखलेला असावा. काचेचा आणि चुन्याचा संयोग सुरखीपेक्षा थोडा संथ असतो, त्यामुळे येथे घाई केली तर सारे कष्ट वाया जातात. काही महिन्यांत भिंतीवर पांढरी पावडर दिसली तर घाबरू नये. काचेतील सोड्यामुळे असे होते. कोरड्या ब्रशने झाडावी.

कोठे वापरू नये

गोठ्यात गव्हाणीला आणि जनावराच्या तोंडाच्या उंचीपर्यंतच्या भिंतीला काचमिश्रित गिलावा करू नये. स्फुरद व क्षारांची कमतरता असलेली जनावरे भिंती चाटतात, गिलावा कुरतडतात. तेथे सुरखी-चुन्याचा गिलावा करावा आणि जनावरांना क्षारमिश्रण द्यावे. कणगी, बळद, धान्याच्या कोठ्या आणि पिण्याच्या पाण्याचे हौद यांच्या आतील बाजूसही काच नको. लहान मुले भिंतीला हात घासत चालतात, तेथे रवा न घालता फक्त पूड वापरावी.

स्लॅब, कॉलम, बीम ही लोखंडी गजांची कामे चुन्यात करू नयेत. शासकीय अनुदानातील घरकुलाचे काम मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणेच करावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळल्यामुळे. अशा भिंतींत आतील आणि बाहेरील दगडांचे थर एकमेकांना बांधलेले नसतात. गिलावा कोणताही असो, चुन्याचा, काचेचा की सिमेंटचा, तो या भिंती बांधून ठेवत नाही. भिंत पोट काढत असेल, कोपरे सुटले असतील तर आधी आरपार जोडदगड आणि पट्टे घालण्याचे काम जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावे, गिलावा त्यानंतर.

चुन्याच्या गिलाव्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक रंग लावू नये, अन्यथा ओलीची वाट पुन्हा बंद होते. दर वर्षी दिवाळीपूर्वी चुन्याची सफेदी करावी. १० लिटर गाळलेल्या चुन्याच्या दुधात मूठभर मीठ किंवा पातळ खळ घातल्यास सफेदी हाताला लागत नाही. लोण्याची भिंत असेल तर मीठ टाळावे, खळच वापरावी. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा मारावा, आणि ब्रश प्रत्येक वेळी बुडवताना चुना तळापासून ढवळून घ्यावा.